चार दिवसांचे कॉलेज आणि मोकळे वाटणारे दोन दिवस

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

दौंड तालुक्यातील एका गावातून रोज रेल्वेने पुण्यात येऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. प्रथम वर्षाला तिने संख्याशास्त्र, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स हे विषय घेतले होते. आता द्वितीय वर्षासाठी त्यांतला एक मेजर (मुख्य विषय) आणि एक मायनर (जोडविषय) म्हणून निवडायचा आहे आणि तिसरा सोडायचा आहे. संख्याशास्त्र मेजर हे नक्की झाले आहे, मायनरवर मात्र गाडी अडली आहे. गणित घेतले तर आठवड्यातून दोन दिवस सकाळी साडेसातचे लेक्चर आणि शनिवारचेही कॉलेज येते. इलेक्ट्रॉनिक्स घेतले तर सगळे तास आणि प्रॅक्टिकल सोमवार ते गुरुवार या चार दिवसांत बसतात. दुसऱ्या सत्रात तिला गणितात ४८ आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये ७१ गुण मिळाले. मैत्रिणी इलेक्ट्रॉनिक्सच घेत आहेत. चार दिवसांत कॉलेज उरकले तर शुक्रवारी आणि शनिवारी डेक्कनवरच्या एका खासगी क्लासमध्ये डेटा अॅनालिटिक्स शिकावे आणि त्याच सत्रात ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरचा एक ऑनलाइन कोर्सही करावा, असा तिचा विचार आहे. घरी परतल्यावर संध्याकाळी ती नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. रेल्वेचा पास आणि पुस्तके यांचा खर्च त्यातून भागतो. एवढा प्रवास करतेसच, तर जास्तीत जास्त पदरात पाडून घे, असे वडील म्हणतात. हडपसरला आत्या राहते, परंतु तिच्यावर भार टाकणे तिला प्रशस्त वाटत नाही. पुढे संख्याशास्त्रात एम.एस्सी. करण्याची इच्छा आहे. फॉर्म भरण्याची मुदत आठवड्यावर आली आहे आणि ‘हे सगळे बसेल असे वेळापत्रक कसे आखू?’ असे तिने विचारले आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रासोबत आलेला, स्केलने रेघा आखून दोन रंगांच्या पेनांनी भरलेला तक्ता मी बराच वेळ पाहत होते. त्यात सोमवार ते गुरुवार निळ्या शाईत, शुक्रवार आणि शनिवार हिरव्या शाईत, आणि सोमवार ते शुक्रवारच्या संध्याकाळच्या चौकटींत ‘शिकवणी’ असे लिहिले आहे. रविवारच्या चौकटीत ‘अभ्यास’ हा एकच शब्द आहे. ही मेहनत पाहून तुमच्याविषयी विश्वास वाटला. त्याच तक्त्यामुळे माझी थोडी काळजीही वाढली, कारण त्यात कॉलेजचे तास आहेत, क्लासचे तास आहेत, शिकवणीचे तास आहेत. प्रवासाला आणि रोजच्या अभ्यासाला मात्र एकही चौकट दिलेली नाही.

हा गोंधळ तुमच्या एकटीचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेली पदवीची नवी रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. त्याआधी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला विषयांचा ठरलेला गट मिळत असे आणि त्या गटाचे वेळापत्रक नोटीस बोर्डावर तयारच असे. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला ऐच्छिक कोर्स), व्यावसायिक कौशल्याचे आणि क्षमतावृद्धीचे कोर्स, भारतीय ज्ञान प्रणाली, पुढे क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, अशा अनेक कप्प्यांतून प्रत्येक सत्राची २० ते २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याची एकके, जुळवावी लागतात, आणि कोणत्या कप्प्यात काय निवडले यावर कोणत्या दिवशी किती वाजता यायचे हे ठरते. घरात पदवीधर माणसे असूनही त्यांना ही रचना उलगडून सांगता येत नाही, कारण त्यांच्या वेळी ती नव्हतीच. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देते, म्हणजे अशाच फॉर्मपुढे बसलेल्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा.

मायनर निवडताना तुम्ही तीन गोष्टी मोजल्या आहेत: गुण, मैत्रिणी आणि दिवस. यांतली एकही गोष्ट क्षुल्लक नाही. पण तुमच्याच पत्राच्या शेवटी आलेले एक वाक्य, पुढे संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे हे वाक्य, या हिशोबात कोठेच आलेले नाही. माझ्या मते हिशोब तेथूनच सुरू व्हायला हवा. वर्गांचे तास कोणत्या दिवशी पडतात हा प्रश्न एका सत्रापुरता असतो. एका विषयावाचून दुसरा विषय पुढे कोठे अडतो, हा प्रश्न उरलेली दोन वर्षे आणि त्यानंतरही पुरतो.

संख्याशास्त्राचे दुसरे आणि तिसरे वर्ष कसे उलगडते ते पाहा. प्रथम वर्षाला सरासरी, विचलन, सहसंबंध आणि संभाव्यतेची ओळख असते आणि ते बारावीच्या गणितावर निभावते. त्यानंतर सतत चलांची वितरणे येतात, आणि गॅमा किंवा बीटा वितरणाचे मध्य आणि प्रचरण काढायचे म्हणजे इंटिग्रेशन हातात बसलेले असावे लागते. दोन चलांचे संयुक्त वितरण आले की दुहेरी इंटिग्रेशन आले. एका चलातून दुसऱ्या चलात जायचे तर जेकोबियन आला. अनुमानशास्त्रात कमाल संभाव्यतेच्या पद्धतीने प्राचलाचा अंदाज काढताना लॉगरिदम घेऊन डेरिव्हेटिव्ह शून्याला समान मांडावे लागते. अनेक चलांचे रिग्रेशन तर मॅट्रिक्सवाचून नीट लिहितासुद्धा येत नाही, आणि त्याच्या पुढे गेल्यावर आयगेन व्हॅल्यू कळत नसतील तर संगणकाने दिलेले उत्तर आपण नुसते उतरवून घेतो. गणिताच्या मायनरमध्ये साधारणपणे जे शिकवतात, म्हणजे बहुचल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा, ते तुमच्या मेजरला लागणारेच साहित्य आहे. आयआयटी आणि इतर काही संस्थांमधील एम.एस्सी. प्रवेशासाठी जी जॅम परीक्षा होते, तिच्या गणितीय संख्याशास्त्राच्या पेपरातही गणिताचा वेगळा भाग असतो. याखेरीज काही ठिकाणी एम.एस्सी.च्या पात्रतेतच पदवीपर्यंत गणित किती असावे याची अट घातलेली असते. तुम्हाला जेथे जावेसे वाटते अशा दोन-तीन विभागांची प्रवेश-माहितीपत्रके फॉर्म भरण्यापूर्वी उघडून पात्रतेचा परिच्छेद वाचा. तेवढ्याने तुमचा अर्धा प्रश्न सुटेल.

इलेक्ट्रॉनिक्स कमी दर्जाचे आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. उपकरणे, सेन्सर आणि त्यांतून येणारी मोजमापे यांत तुमचे मन रमत असेल, प्रॅक्टिकलला ब्रेडबोर्डवर सर्किट जुळवताना वेळेचे भान राहत नसेल, तर संख्याशास्त्राबरोबर ते चांगलेच शोभेल आणि मी तुम्हाला अडवणार नाही. पदवीनंतर लगेच बँकेच्या किंवा इतर स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतील, तरीही हा निर्णय इतका टोकाचा ठरत नाही. परंतु तुमच्या पत्रात इलेक्ट्रॉनिक्सविषयी ‘चार दिवसांत बसते’ आणि ‘सगळ्या घेत आहेत’ याखेरीज एकही वाक्य नाही. गणिताविषयी मात्र ‘आवडते पण भीती वाटते’ असे तुम्ही लिहिले आहे. या दोन नोंदींपैकी मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते.

आता त्या ४८ गुणांकडे वळू. ४८ म्हणजे गणित जमत नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ते गुण नेमके कोठे गेले, हे तुम्ही पाहिले आहे का? विद्यापीठाच्या परीक्षेनंतर ठरावीक मुदतीत अर्ज करून आणि शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मिळवता येते, आणि अंतर्गत परीक्षेचे पेपर विभागात मागितले तर शिक्षक बहुधा दाखवतात. मुदत उरली असेल तर प्रत मागवा. गेली असेल तर प्रश्नपत्रिका पुढे ठेवून आठवेल तसा पेपर एका रविवारी पुन्हा सोडवा आणि तुमच्या गणिताच्या शिक्षकांना दाखवा. सिद्धता लिहिताना मधली पायरी गाळली गेली, वेळ पुरला नाही, की संकल्पनाच कळलेली नाही, ही तीन निराळी दुखणी आहेत आणि तिन्हींवरचे औषधही निराळे आहे. सरावाअभावी गुण गेले असतील, आणि पहाटे उठून संध्याकाळी शिकवणी घेणाऱ्या मुलीच्या बाबतीत मला तीच शक्यता मोठी वाटते, तर विषय बदलल्याने काहीच साधणार नाही. हीच सरावाची उणीव पुढच्या वर्षी संख्याशास्त्राच्या पेपरात डोके वर काढील. मर्यादा आणि सातत्य यांसारख्या मूळ कल्पनाच आजही परक्या वाटत असतील, तर मात्र गणित घेण्याआधी सुट्टीतले पंधरा-वीस दिवस त्यांवर घालवायची तयारी हवी. ती नसेल तर तसे स्वतःशी स्पष्ट कबूल करावे.

तुमच्या आखणीचा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे, त्या मोकळ्या दोन दिवसांविषयी आता सविस्तर लिहायला हवे.

क्रेडिटचा हिशोब असा आहे. थिअरीच्या एका क्रेडिटसाठी सत्रात १५ तास वर्गात बसायचे, म्हणजे आठवड्याला एक तास. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटसाठी ३० तास, म्हणजे आठवड्याला दोन. तुमच्या तक्त्यातल्या २२ क्रेडिटपैकी १६ थिअरीची आणि ६ प्रॅक्टिकलची आहेत, तेव्हा कॉलेजात घालवायचे तास झाले आठवड्याला २८. हे बहुतेकांना माहीत असते. त्यामागचा दुसरा आकडा मात्र फार कमी विद्यार्थ्यांना सांगितला जातो. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाची ४० क्रेडिट म्हणजे १,२०० तासांचे अध्ययन धरलेले आहे, म्हणजे वर्ग, प्रॅक्टिकल, स्वाध्याय आणि परीक्षेची तयारी मिळून एका क्रेडिटला ३० तास. त्या मापाने तुमच्या २२ क्रेडिटचे ६६० तास होतात, आणि १५ आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला ४४. वर्गातले २८ वजा केले, तर आठवड्याला १६ तास घरी अभ्यास करणे हे या रचनेने गृहीतच धरलेले आहे. मायनर गणित असो वा इलेक्ट्रॉनिक्स, हा आकडा बदलत नाही.

त्यात प्रवास मिळवा. घरापासून स्टेशन, स्टेशनापासून गाडी, पुणे स्टेशनवरून मेट्रोने डेक्कन आणि तेथून कॉलेज, असे जाऊन-येऊन पाच तास लागतात असे तुम्हीच लिहिले आहे. सहा दिवस कॉलेज असेल तर प्रवासाचे ३० तास. चार दिवस असेल तर २० तास, म्हणजे दहा तास वाचले असे वाटते. पण क्लासही डेक्कनलाच आहे! शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही त्याच गाडीने तितकाच प्रवास करून येणार, म्हणजे प्रवास पुन्हा ३० तासच झाला, आणि क्लासचे आठ तास त्यावर चढले. अभ्यासाचे ४४, प्रवासाचे ३०, शिकवणीचे १०, क्लासचे ८, रोज सात तास झोप म्हणजे ४९, आणि आंघोळ, जेवण, घरातली कामे यांचे रोजचे किमान तीन म्हणजे २१. बेरीज १६२ होते. आठवड्याचे तास असतात १६८. उरलेल्या सहा तासांत उशिरा आलेली गाडी, आजारपण, घरातले लग्नकार्य, सणवार आणि ‘स्वयम्’चा कोर्स, हे सगळे बसवायचे आहे. ते बसणार नाही, आणि जे बसत नाही ते नेहमी अभ्यासाच्या तासांतून किंवा झोपेतून कापले जाते.

चार दिवसांत कॉलेज कोंबण्याचा आणखी एक परिणाम तुमच्या तक्त्यात दिसत नाही. २८ तास चार दिवसांत वाटले की दिवसाला सात तास होतात. त्यात पाच तास प्रवास आणि दोन तास शिकवणी मिळवली, तर तो दिवस चौदा तासांचा झाला. सोमवार ते गुरुवार तुम्ही वही उघडणार नाही हे गृहीत धरूनच चालावे लागेल. सोमवारी सकाळी शिकवलेली गोष्ट रविवारी दुपारी पहिल्यांदा पाहायची, हे वाचनाच्या विषयांत कसेबसे निभावते, पण गणित आणि संख्याशास्त्रात निभावत नाही, कारण तेथे मंगळवारचे लेक्चर सोमवारच्या लेक्चरवर उभे असते. याउलट सहा दिवसांच्या वेळापत्रकात दिवसाला सरासरी पावणेपाच तास वर्ग होतात आणि दोन लेक्चरांच्या मध्ये एखादा मोकळा तास येतो. हा मोकळा तास तुम्ही ‘वाया जाणारा’ म्हटला आहे. रोज पाच तास प्रवास करणाऱ्या विद्यार्थिनीसाठी तो आठवड्यातला सर्वांत कामाचा वेळ असतो असे मला वाटते. ग्रंथालयातला अभ्यासकक्ष उघडा असतो, नुकतेच शिकलेले डोक्यात ताजे असते, अडले तर शिक्षक दोन खोल्या पलीकडे बसलेले असतात. असे पाच-सहा तास आठवड्यात नेमाने वापरले, तर त्या १६ तासांपैकी तिसरा हिस्सा घरी पोहोचण्यापूर्वीच पार पडतो.

गाडीतल्या वेळेविषयीही नीट विचार करा. सकाळी जागा मिळत असेल तर त्या वेळात व्याख्या, सूत्रे आणि कालच्या वहीवरून नजर फिरवणे जमते. उदाहरणे सोडवणे जमत नाही. संध्याकाळच्या गर्दीत उभ्याने काहीच होत नाही, तेव्हा तो वेळ अभ्यासात धरू नका आणि त्याबद्दल स्वतःला दोषही देऊ नका.

साडेसातच्या लेक्चरची अडचण मात्र खरी आहे, आणि ती सोडवल्याशिवाय ‘गणितच घ्या’ असे सांगणे मला योग्य वाटत नाही. तेथे मला तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग विभागातून जातो. गणिताच्या मायनरच्या दोन तुकड्या असतील तर दुसऱ्या तुकडीची वेळ विचारा. प्रॅक्टिकलची बॅचही बदलून मिळू शकते, पण ती सत्राच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच, कारण एकदा बॅचची यादी लागली आणि जर्नलवर सह्या सुरू झाल्या की कोणी हलायला तयार होत नाही. तोंडी विनंती करण्यापेक्षा विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज लिहा, सोबत रेल्वेच्या पासाची प्रत आणि गाड्यांच्या वेळा जोडा, आणि शक्य असेल तर तुमच्या जागी यायला तयार असलेल्या विद्यार्थ्याचे नाव आणि सहीही त्यात द्या. असा पूर्ण अर्ज आला की शिक्षकांना होकार देणे सोपे जाते. रेल्वेने येणारी तुमच्यासारखी आणखी मुले असतील तर सर्वांनी मिळून अर्ज करा.

दुसरा मार्ग आत्याच्या घरातून जातो. ‘तिला त्रास होईल’ असे तुम्ही लिहिले आहे, पण तुम्ही तिला विचारलेले दिसत नाही. कायमचे राहण्याचा येथे प्रश्नच नाही. साडेसातचे लेक्चर आठवड्यातून दोनच दिवस आहे. ते दिवस लागोपाठचे असतील, तर आदल्या संध्याकाळी हडपसरला उतरून दोन रात्री राहायचे, सकाळची पीएमपीची बस पकडायची आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून थेट गावी परतायचे, एवढीच मागणी आहे. आईला किंवा वडिलांना आधी बोलू द्या. भाचीने संकोचाने विचारण्यापेक्षा भावाने बहिणीला मोकळेपणाने विचारलेले आपल्या घरांत बरे दिसते. त्या दोन संध्याकाळी शिकवणी होणार नाही हे शिकवणीच्या मुलांच्या पालकांनाही आधीच सांगा आणि त्यातला एक तास शनिवारी संध्याकाळी भरून काढा. आत्याच्या घरी राहिल्याने त्या आठवड्यात जाण्या-येण्याचे काही तास वाचतील, हेही विसरू नका.

तिसरा मार्ग म्हणजे सरळ पुण्यात कॉट बेसिसवर राहणे. तो खर्चिक आहे आणि शिकवणीचे उत्पन्न त्याने तुटते, तेव्हा या वर्षी मी तो सुचवणार नाही. मात्र तिसऱ्या वर्षी प्रकल्पाचे काम वाढेल तेव्हा हा विचार पुन्हा करावा लागेल. शिकवण्यांना पर्याय म्हणून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशीही आताच करून ठेवा. तुमच्या कॉलेजात ती चालू असेल तर ग्रंथालयात किंवा विभागात तासांच्या हिशोबाने काम मिळते आणि ते लेक्चरांच्या मधल्या वेळेत करता येते.

या तिन्हींपैकी एकही मार्ग निघाला नाही, तर केवळ गणित नावावर असावे म्हणून ते घेऊ नका. हजेरीची ७५ टक्क्यांची अट असते. साडेसातची लेक्चरे सातत्याने बुडाली तर टर्म ग्रँट होण्यापासून, म्हणजे सत्र पूर्ण केल्याची कॉलेजची मान्यता मिळण्यापासूनच, अडचणी सुरू होतील आणि आवडीच्या विषयात एटीकेटी पदरात येईल. तशा स्थितीत इलेक्ट्रॉनिक्स मायनर घ्या, मोकळे झालेले शुक्रवार-शनिवार घरीच राहून अभ्यासाला द्या, आणि ‘स्वयम्’वरचा जो एक कोर्स करायचा आहे तो लिनिअर अल्जिब्राचा किंवा कॅल्क्युलसचा निवडा. चार दिवसांच्या कॉलेजचा खरा लाभ तेव्हाच मिळतो, जेव्हा उरलेल्या दिवशी प्रवास नसतो.

डेटा अॅनालिटिक्सच्या क्लासबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या वर्षी नको. त्या क्लासच्या पत्रकात ज्या विषयांची यादी तुम्ही पाठवली आहे, त्यातले वर्णनात्मक संख्याशास्त्र तुम्ही प्रथम वर्षाला शिकला आहात, रिग्रेशन आणि परिकल्पना चाचणी पुढच्या सत्रांत सविस्तर शिकणार आहात, आणि आर किंवा पायथन या संगणकीय भाषांचा परिचय बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये किंवा कौशल्याच्या कोर्समध्ये होतोच. जे तुम्ही दोन वर्षांत मुळापासून शिकणार, त्याचे वरवरचे रूप आज पैसे मोजून घेण्यात काय हशील? आर आणि पायथन दोन्ही विनामूल्य मिळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रॅक्टिकलचीच उदाहरणे त्यांवर पुन्हा करून पाहिली, तरी बरीच मजल गाठता येते. ‘आत्ता नाही केले तर मागे पडू’ ही भीती क्लासच्या जाहिरातीतून येते. तिसऱ्या वर्षी, प्रकल्पासाठी खरोखर काही नवे साधन शिकायची गरज पडली, तर तेव्हा नेमका तेवढाच छोटा कोर्स करा.

‘स्वयम्’चे कोर्स चांगले असतात, पण ते जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होणाऱ्या सत्रांनुसार चालतात, त्यांना दर आठवड्याच्या असाइनमेंट असतात आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट अशा कोर्समधून घेण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. तुमचा विशिष्ट कोर्स तुमच्या विशिष्ट विषयाच्या जागी धरला जाईल की नाही, हे मात्र नाव नोंदवण्यापूर्वी कॉलेजकडून लेखी विचारून घ्यावे लागते. आधी कोर्स करून मग क्रेडिट मागायला गेलेल्या मुलांची निराशा झालेली मी पाहिली आहे. मेजरच्या पूर्ण भाराच्या सत्रात वरची जादा क्रेडिट म्हणून तो घेऊ नका. एखाद्या सक्तीच्या कोर्सऐवजी चालत असेल, तरच घ्या.

ओपन इलेक्टिव्हविषयी थोडेच सांगते. तो कोर्स तुमच्या विद्याशाखेबाहेरचा असावा असा नियम आहे, तेव्हा ‘मेजरला उपयोगी काय’ हा विचार तेथे फार ताणू नका. तुम्ही अर्थशास्त्राचा परिचय आणि नाट्यास्वाद यांत अडकला आहात. ज्या कोर्सचा तास तुमच्या सर्वांत जड दिवशी नाही, तो घ्या. दोन्ही सारखेच असतील तर मनाला जो बरा वाटेल तो घ्या. सगळ्या चौकटींचा उपयोग सिद्ध करण्याची गरज नाही.

तुमच्या वडिलांच्या म्हणण्यातली तळमळ मला कळते. जी माणसे काटकसरीने मुलांना शिकवतात, त्यांना प्रत्येक तासाचे मोल असते, आणि मुलगी रोज पहाटे घराबाहेर पडते तर तिच्या कष्टाचे चीज व्हावे असे वाटणारच. त्यांना वरचा १६८ तासांचा हिशोब कागदावर मांडून दाखवा. कोर्सची संख्या कमी केली म्हणजे शिक्षण कमी केले असे होत नाही, हे तोंडी समजावण्यापेक्षा ती बेरीज दाखवल्याने लवकर पटेल. एखाद्या सत्रात काही राहिलेच, तरी मिळवलेली क्रेडिट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात, हेही त्यांना सांगा. तेवढ्याने त्यांचा जीव थोडा भांड्यात पडेल.

तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी येथेच नोंदवते. मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र मेजर घेणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही पुढच्या वर्षांच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचा भाग किती आहे ते आधी पाहावे, कारण मायनर ‘सोपा’ म्हणून निवडून तिसऱ्या वर्षी संशोधन पद्धतीच्या पेपरात अडखळणारे अनेक जण भेटतात. आणि सीए किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी जोडीला करणाऱ्यांनी कॉलेजचे दिवस कमी करण्यापेक्षा त्या परीक्षेआधीच्या सत्रात निवडीचे कोर्स हलके ठेवावेत. पहिल्या पसंतीचा कोर्स पुरेशी नोंदणी न झाल्याने रद्दही होऊ शकतो, म्हणून प्रत्येक कप्प्यात दुसरी पसंती विचारपूर्वक ठरवलेली असावी; शेवटच्या दिवशी पोर्टल अडकलेले असताना समोर येईल त्यावर टिचकी मारण्याची वेळ येऊ नये.

तुमच्या हातात आठवडा आहे. सोमवारी गणित विभागात जाऊन तुकड्यांच्या वेळा विचारा आणि शिक्षकांना तुमचा पेपर दाखवा. मंगळवारी एम.एस्सी.च्या पात्रतेच्या अटी वाचा. तोवर वडिलांचे आत्याशी बोलणे झालेले असेल. बुधवारी रात्री नवा तक्ता करायला बसा, आणि या वेळी सर्वांत आधी झोप आणि प्रवास भरा, मग कॉलेज, मग अभ्यासाचे १६ तास, आणि सर्वांत शेवटी शिकवणी. गुरुवारपर्यंत फॉर्म भरून पावती छापून ठेवा. विभागाने वेळ बदलून द्यायला नकार दिला आणि आत्याकडेही जमले नाही, तर फॉर्म भरण्याआधी मला पुन्हा लिहा, आणि पत्रासोबत तो नवा तक्ता जरूर पाठवा.